पेठ, आळी आणि पावतीपुस्तक

केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणाचे तीन वर्षांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली देशात पहिलं आलं कराड. २०२१ साली विटा. २०२२ साली पाचगणी. कराड आणि पाचगणी सातारा जिल्ह्यात, विटा सांगली जिल्ह्यात. या सर्वेक्षणात चार हजारांहून जास्त शहरं उतरतात, त्यांतली बहुतेक याच लहान गटातली. तरीही तीन वर्षं लागोपाठ पहिला क्रमांक दोन शेजारी जिल्ह्यांच्या बाहेर गेला नाही.

ही तिन्ही गावं एकमेकांसारखी मुळीच नाहीत. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, मोठी बाजारपेठ, आसपासच्या खेड्यांतून शिकायला येणारी मुलं. विटा दुष्काळी पट्ट्यातलं, यंत्रमागांचं; तिथली आणि खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायापायी देशभर पांगलेली. पाचगणी थंड हवेचं, निवासी शाळांचं, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांनी ओसंडणारं. पाऊस, पैसा, धंदा यांतलं काहीच सामाईक नाही. सामाईक आहे ते आकारमान: २०११च्या जनगणनेत कराड आणि विटा पन्नास हजारांच्या आगेमागे, पाचगणी पंधरा हजारांच्या घरात. आणि दुसरी गोष्ट कुठल्याच गुणपत्रिकेत नोंदली जात नाही. पेठेनं किंवा आळीनं एकत्र यायचं, एखादं काम ठरल्या तारखेला उरकायचं, त्याचे पैसे घरोघर जमवायचे आणि हिशोब चारचौघांत वाचून दाखवायचा, ही या भागाची फार जुनी सवय आहे. शहर सुधारण्याची आपली चर्चा निधी, निविदा आणि नगरसेवक यांच्याभोवती फिरते. ज्या सवयीवर सारं काही तोललेलं असतं ती मात्र चर्चेबाहेरच राहते, आणि मला तेच खटकतं.

कचऱ्यापासूनच सुरुवात करू. २०१६ साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्या प्रत्येकावर टाकली: ओला, सुका आणि घरगुती घातक. वाचायला सोपं आहे. अवघड आहे ते रोज सकाळी पाळणं. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी येते, गाणं लागतं, दारं उघडतात. एखाद्या घरानं सगळं एकाच पिशवीत बांधून दिलं आणि गाडीवरच्या कामगारानं ते गुमान घेतलं, की दुसऱ्या दिवशी आणखी चार घरं तसंच करतात. पण तो म्हणाला, "ताई, वेगळं करून द्या, मग घेतो," आणि बादली हातात परत दिली, तर शेजारच्या दोन दारांतून ते दिसतं. लहान गावात तो कामगार त्या घराला ओळखत असतो, घर त्याला ओळखत असतं. पुढच्या आठवड्यात बादल्या दोन होतात. दंडाच्या पावतीपेक्षा ही ओळख जास्त काम करते.

ओला कचरा वेगळा का हवा, हेही नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओल्याचाच असतो. भाजीचे देठ, शिळं अन्न, फुलं हे सगळं प्लॅस्टिकखाली दाबलं गेलं की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन वायू तयार होतो, तोच डेपोला आग लावतो. आणि तळातून जो काळा पाझर निघतो तो आसपासच्या विहिरींत उतरतो. तोच ओला कचरा वेगळा आला, लांबट ढिगांत रचला, ओल टिकवून अधूनमधून वरखाली केला, तर दीड-दोन महिन्यांत त्याचं भुसभुशीत खत होतं. नगरपालिकांच्या अशा खताला राज्य सरकारनं 'हरित महा सिटी कंपोस्ट' हे नाव दिलं आहे. पाचगणीनं तर एके काळी जिथे कचरा टाकला जायचा ती जागा साफ करून तिथे बाग केली आणि तिला नाव दिलं 'स्वच्छ भारत पॉइंट'. महाबळेश्वर-पाचगणीच्या नकाशावर पॉइंटांची कमतरता कधीच नव्हती, पण गावानं स्वतःच्या हातांनी घडवलेला पॉइंट हाच.

याच २०१६च्या नियमांत एक तरतूद होती आणि ती फार थोड्या मंडळांना ठाऊक असायची. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, आणि कार्यक्रमातला कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकाची. म्हणजे कायद्यानंही उत्सव आणि गावाची सुधारणा यांची गाठ बांधून ठेवली होती. महाप्रसादाच्या पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या यांची सोय ज्या मांडवात आधीच लावलेली असते, त्या गल्लीला रोजचा कचरा जड जात नाही.

ही सवय किती मुरलेली असू शकते हे पाहायचं तर वाईला जावं, तेही माघ ते चैत्र या दिवसांत. वाईत कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदी ही देवी, आणि ती साऱ्या गावाची. पण उत्सव एकच नाही. गावाच्या सात आळ्या, सात घाट आणि सात उत्सव: भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी. प्रत्येक आळीची कृष्णाबाईची मूर्ती वेगळी, मांडव वेगळा, दिवस ठरलेले. एका घाटावरचा उत्सव संपतो आणि पुढच्या घाटावर तयारी सुरू होते. परंपरा असं सांगते, की अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा वाईच्या शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला होता, आणि १६५९ साली प्रतापगडाखाली खान पडल्यावर तो फेडला गेला. खान वाईचा सुभेदार होता; त्यामुळे ही कथा वाईकरांना दूरची वाटत नाही.

इतकी वर्षं हा उत्सव टिकला तो आळीच्या मापामुळे, असं मला वाटतं. साऱ्या गावाचा एकच मोठा उत्सव असता तर त्यात पन्नास माणसांनी काम केलं असतं आणि उरलेल्यांनी पाहिलं असतं. आळीचा उत्सव म्हटला की बघ्यांना जागा उरत नाही. घाटाच्या पायऱ्या धुणं, मांडव, कीर्तनकारांची उतरायची सोय, बायकांचं हळदीकुंकू, घाटावर बसणाऱ्या महाप्रसादाच्या पंगती, शेवटचं लळित: यादी मोठी, माणसं मोजकी. वाढप्यांत ज्यानं नववीत असताना मीठ-लिंबू वाढलं तोच वीस वर्षांनी कोठीची किल्ली सांभाळतो. आणि शेजारची आळी आपल्यानंतर लगेच उत्सव करणार आहे हे ठाऊक असल्यामुळे आपला घाट अस्वच्छ सोडून उठायची लाज वाटते. सात घाटांवर क्रमाक्रमानं फिरणारा हा उत्सव म्हणजे वर्षातून एकदा गावच्या सगळ्या नदीकाठाची झाडलोटच. वाईत रास्त्यांनी बांधलेले घाट आणि ढोल्या गणपतीचं देऊळ पाहायला बाहेरची माणसं येतात, चित्रपटवालेही येतात. त्या दगडांची निगा राखणारी व्यवस्था त्यांच्या कॅमेऱ्यात सापडत नाही.

उत्सवाच्या पैशांकडे येऊ. वर्गणी या प्रकाराला आजकाल फार वाईट नाव आलं आहे, आणि ते ज्यांच्यामुळे आलं त्यांचं समर्थन करण्याचं कारण नाही. रस्ता अडवून, दमदाटी करून घेतलेले पैसे ही खंडणीच. पण वर्गणीची मूळ रीत नीट पाहिली तर ती पारदर्शक कारभाराचा धडा आहे. पावतीपुस्तकाला क्रमांक असतो. पावतीची स्थळप्रत मंडळाकडे राहते. खजिनदार आणि अध्यक्ष दोघांची सही. उत्सव संपला की चौकातल्या फळ्यावर जमाखर्च लागतो: जमेकडे घरोघरची वर्गणी, दुकानदार, देणगीदार; खर्चाकडे मांडव, स्पीकर, हार-फुलं, प्रसाद, वाहतूक. आणि सगळ्यात खाली शिल्लक. सातशे रुपये शिल्लक असली तरी ती लिहायची. हार-फुलांचा आकडा फुगलेला दिसला तर गल्लीतली एखादी म्हातारी भर रस्त्यात विचारते, "अरे, एवढी फुलं कुठं वाहिली?" याहून कडक लेखापरीक्षण मला माहीत नाही. कायद्यानंही हेच मागितलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ क प्रमाणे उत्सवासारख्या तात्पुरत्या कारणासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. ज्या मंडळांना ही कटकट वाटते त्यांच्या लक्षात येत नाही, की परवानगीचा कागद आणि हिशोबाची प्रत हातात असली तर पुढे नगरपालिकेशी, बँकेशी किंवा एखाद्या कारखान्याच्या सामाजिक निधीशी बोलताना तीच त्यांची ओळख ठरते.

वर्गणीनं काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचं आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना जायचं होतं आणि पैसे नव्हते. गावानं आणि पंचक्रोशीनं वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतलं कांस्य, त्या पैशांतून आलं. सातारा-सांगलीकडची कित्येक गणेश मंडळं मुळात तालमीच. लाल माती, व्यायाम, खुराक, शिस्त, वस्तादाचा शब्द. गणपती हे त्या तालमीचं वर्षातलं मोठं काम. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेव्हा या भागात त्याला तयार माणसं मिळाली ती अशा आखाड्यांतून. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसतो, हिंदू-मुसलमान मिळून उत्सव करतात. तिथेही जमाखर्च दोघांचा मिळून एकच.

साताऱ्यात पेठांचा पसारा मोठा. मंगळवार, शनिवार, गुरुवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, प्रतापगंज, रामाचा गोट. छत्रपती शाहूंनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेलं हे शहर उतारावर पसरलेलं आहे, आणि उतारावरच्या शहराला पाण्याचा विचार करावाच लागतो. यवतेश्वर-महादऱ्याच्या बाजूनं खापरी नळांनी पाणी उतरायचं आणि पेठेपेठेतल्या हौदांत पडायचं. पुढे कासच्या तलावाचं पाणी आलं. हौद म्हणजे त्या काळची पेठेची सभाच. पाणी कुणी किती घ्यायचं, हौद कधी धुवायचा, हे तिथेच ठरायचं. घरोघर नळ आले आणि ते ठरवण्याची गरज संपली. सोय झाली, यात शंका नाही. पण पेठेनं एकत्र बसून ठरवण्याचं एक हुकमी निमित्तही गेलं, आणि त्या जागी दुसरं निमित्त लवकर उभं राहिलं नाही.

मंगळवार तळ्याचं पाहा. जुनं, घडीव दगडांचं, पायऱ्यांचं तळं. वर्षानुवर्षं गणपतीचं विसर्जन तिथेच व्हायचं. शाडूच्या लहान मूर्ती होत्या तोवर तळ्यानं त्या पोटात घेतल्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या उंच मूर्ती, रासायनिक रंग आणि निर्माल्याचे ढीग आले, तसं पाणी हिरवंकाळं झालं. प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही, त्याचा थर तळाशी बसतो आणि झऱ्यांची तोंडं बुजवतो. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, विसर्जनासाठी कृत्रिम तळी खोदावी लागली. त्या काळात दोन्ही बाजूंनी भावना तापल्या होत्या. मला यात महत्त्वाची वाटते ती वाट बदलण्याची गोष्ट. मिरवणूक कुठून वळणार, क्रेन कुठे उभी राहणार, कुठल्या मंडळाचा नंबर कितवा, हे सगळं नव्यानं मांडावं लागलं, आणि ते मांडलं मंडळांच्या कार्यकर्त्यांनीच. बंदीचा आदेश कागदावर एका दिवसात निघतो. शेकडो माणसांची शंभर वर्षांची सवय वळवायची तर त्या माणसांना ओळखणारा माणूस लागतो.

शहराच्या वाढीनं नवे भागही पेठांसारखं वागायला शिकत आहेत. २०२० साली साताऱ्याची हद्द वाढली आणि शाहूपुरीसारखी उपनगरं नगरपालिकेत आली. त्याच शाहूपुरीच्या नावानं चालणाऱ्या महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाखेनं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात आणण्याचा ध्यास घेतला. १९९३ साली विद्याधर गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली साताऱ्यात संमेलन झालं होतं. त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळानं ९९वं संमेलन शहराच्या वाट्याला आलं, आणि यजमानांत ही उपनगरातली शाखा होती. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांच्या रांगेत एका उपनगराच्या नावाची शाखा उभी राहते, ही मला संमेलनाच्या मांडवाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

पाण्याच्या बाबतीत मात्र साताऱ्याहून सरस धडा कराडच्या कुशीतल्या मलकापूरनं दिला. महामार्गालगतच्या या गावानं चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर अशी योजना राबवली; देशभरातले अधिकारी ती पाहायला येऊन गेले, राष्ट्रीय पातळीवर तिचा गौरव झाला. चोवीस तास पाणी म्हटलं की पाण्याची उधळपट्टी होईल असं वाटतं. होतं उलटंच. पाणी दिवसातून तासभर आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं, दुसऱ्या दिवशी 'शिळं' म्हणून ओतून दिलं जातं, तोटी उघडीच राहते. नळ कधीही सोडला तरी पाणी आहे आणि जेवढं वापराल तेवढंच बिल येणार, अशी खात्री पटली की साठवण थांबते. शिवाय जलवाहिनीत सतत दाब असला की बाहेरचं गढूळ पाणी फुटक्या सांध्यांतून आत शिरत नाही. पण मीटर बसवायला सुरुवातीला कुठलंच गाव राजी नसतं. त्यासाठी घरोघर जाऊन बोलावं लागतं, पहिल्या महिन्याची बिलं समोर बसून समजावून द्यावी लागतात. इथेही गाठ पुन्हा ओळखीशीच.

सांगलीचं गणित वेगळं आहे, आणि कठीणही. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांची मिळून महापालिका झाली. २०११ला लोकसंख्या पाच लाखांवर. एक नाटकांचं गाव, दुसरं सतारींचं, तिसरं कारखान्यांचं. तिघांची एकच तिजोरी. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं, आणि त्या मैफलींच्या आधारानं तंतुवाद्यं घडवणाऱ्यांची गल्ली तगून राहते. सांगली ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी विष्णुदास भावे पदक देते. ही माणसं एकत्र येणं जाणतात, प्रश्न तो नाही. प्रश्न हा, की पाच लाखांच्या शहरात घंटागाडीवरचा कामगार कुणाला ओळखत नाही.

पण सांगलीला एकत्र आणणारी एक गोष्ट आहे: नदीची पातळी. पावसाळ्यात इथे माणसं एकमेकांना आधी विचारतात, "आयर्विनला किती?" १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल हा शहराचा मापदंड. तिथे ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ असतो. त्याआधी दोन फूट पाणी असतानाच कपाटं वर चढतात. कोयनेतून किती पाणी सोडलं, कराडला संगमावर काय स्थिती, हे ऐकून घरातली मोठी माणसं अंदाज बांधतात. २००५ साली पाणी आलं. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि पाठ असलेले सगळे आकडे खोटे ठरले. २०२१च्या जुलैत पुन्हा आलं.

२०१९च्या त्या दिवसांत शहर वाचवायला लष्कर आणि आपत्ती दलाची पथकं आली, त्यांचे उपकार आहेतच. पण सगळ्यात आधी गल्लीत पाणी कापत शिरले ते इथलेच नावाडी. सांगलीवाडी आणि नदीकाठच्या गावांत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात. काठावर गर्दी जमते, वल्ह्यांचा ताल, आरोळ्या, निशाण, ढाल. वरवर पाहिलं तर करमणूक. पण भरल्या नदीत, ओढीच्या उलट दिशेनं, आठ-दहा जणांनी एका दमात वल्हं मारायचं हे कौशल्य वर्षातून एकदा पणाला लागत असेल तरच पिढी बदलली तरी शिल्लक राहतं. पुराच्या पाण्यात विजेच्या तारा कुठे आहेत, कुठल्या बोळात भोवरा धरतो, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हे बाहेरून आलेल्या पथकाला कोण सांगणार? ते त्या पोरांना ठाऊक होतं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून जी माणसं गेली, त्यानंतर तर लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता, सरावाचे नावाडी या गोष्टी गावोगाव बोलल्या जाऊ लागल्या. होड्यांच्या शर्यतीला मिळणारी वर्गणी हा पूरनियंत्रणाचा खर्च आहे असं मी मानतो, आणि महापालिकेनं तो तसाच मानावा.

पूर ओसरला तेव्हा गाळ, सडलेलं धान्य, फुगलेली कपाटं रस्त्यावर आली. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गणेश चतुर्थी होती. कित्येक मंडळांनी देखावे रद्द केले आणि वर्गणी पूरग्रस्तांकडे वळवली. ती इतक्या लवकर वळवता आली, कारण पावतीपुस्तकं तयार होती, घरांची यादी तयार होती, कुठल्या घरात किती माणसं हे कार्यकर्त्याला माहीत होतं. मदतीचे ट्रक आडवाटेला लुटले जातात किंवा एकाच घरी चार किट पोचतात, तेव्हा कमी पडते ती ही यादी.

सांगलीतले तरुण रोज पहाटे झाडू घेऊन बाहेर पडतात, कचऱ्याचे कोंडाळे साफ करून तिथे बसायला बाक आणि रंगवलेल्या भिंती करतात. निर्धार फाउंडेशनचं हे काम सांगलीकरांना परिचयाचं आहे. अशा कामाचं मोल मोठं आहे. तरीही नदीचा खरा प्रश्न झाडूनं सुटणारा नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं हे सांगली कित्येक दशकं ऐकते आहे. ते पाणी उचलून धुळगावच्या शिवारात शेतीला न्यायची योजना झाली, पंप बसले, बंद पडले, पुन्हा चर्चा झाली. कुठल्याही गल्लीच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. त्याला पंप, वीजबिल, शुद्धीकरण केंद्र आणि ते रोज चालवणारा अभियंता लागतो. वाईच्या घाटावर धुतलेली कृष्णा कराडवरून सांगलीला येते, तेव्हा आळीची मर्यादा कुठे संपते आणि संस्थेची जबाबदारी कुठे सुरू होते, हे स्पष्ट दिसतं. स्वयंसेवकांच्या फोटोखाली ही जबाबदारी झाकली जाऊ नये.

मग पेठेचा आवाज संस्थेपर्यंत पोचवायचा कसा? खेड्याला ग्रामसभा आहे. शहराला काय? ७४वी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली, १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यानुसार तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत. सांगली-मिरज-कुपवाड त्यात बसतं. सातारा, कराड, विटा, वाई, पाचगणी बसत नाहीत. महाराष्ट्रानं २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, शहरातली ग्रामसभाच. ती फारशी कुठे भरली नाही. त्यात नगरपालिकांची मुदत डिसेंबर २०२१मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका डिसेंबर २०२५मध्ये झाल्या. मधली चार वर्षं कारभार प्रशासकाकडे. सांगली महापालिकेतही २०२३ पासून तीच गत होती. या काळात तुंबलेलं गटार किंवा बंद दिवा घेऊन जायला नगरसेवकाचं दार नव्हतं. ज्या पेठेत मंडळ जागं होतं तिथे मंडळाचे चार लोक अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. जिथे नव्हतं तिथे दिवा बंदच राहिला.

आता निवडून आलेल्या पालिका आहेत, त्यामुळे एक वेळापत्रक ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नगरपालिकेचा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येतो, आणि त्याची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीतच होते. पेठेला बाग, बोळातलं गटार, अंगणवाडीची भिंत, विसर्जनाची कायमची टाकी यांतलं काही हवं असेल तर मागणी दिवाळी उरकताच गेली पाहिजे, आणि तीही मोघम नको: जागा कुठली, मोजमाप किती, जमीन नगरपालिकेची की खाजगी, आणि काम झाल्यावर निगा कोण राखणार. शेवटच्या प्रश्नावरच बहुतेक अर्ज अडतात. गणेशोत्सवाचा जमाखर्च त्याच सुमाराला धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, त्याच बैठकीत हा अर्जही लिहून सह्या घेता येतात. अर्जाची पोच क्रमांकासह घ्यावी, आणि ती मंडळाच्या फळ्यावर जमाखर्चाशेजारी लावावी.